पहिला हात पिवळा

वडील गेल्यापासून त्यांची काळी गाडी वर्कशॉपच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून होती. काकांचं म्हणणं, नुसतं पॉलिश मारा आणि जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात उभी करा. आई म्हणाली, पिवळी करायची. वर छत पांढरं, आणि पुढची ती बंपरची शिंगं काढून टाकायची.

लेक गाड्या रंगवायची, वडिलांच्याच हाताखाली शिकलेली. गाडी घेतली तेव्हाही आईने पिवळीच मागितली होती, हे तिला ठाऊक होतं. वडील हसले होते, गाडी घेतोय की साडी, म्हणून. झालं, विषय संपला! पुढे सगळा संसार आई त्या काळ्या गाडीत मागच्या सीटवर बसली.

तेव्हा या लेकबाईंनी कुणाला न विचारता गाडी घासायलाच घेतली. काका आले तोवर काळा रंग पार उतरून प्रायमर बसला होता. त्यांचं डोकंच फिरलं. दादाची आठवण पुसलीस म्हणाले, चार लोकांत नाक कापलंस म्हणाले, मूळ रंग गेलेली गाडी प्रदर्शनवाले दारातही उभी करणार नाहीत म्हणाले. हे शेवटचं खरं होतं. आठवणीचं तिलाही लागलं, पण आता माघार नाही.

वर्कशॉपची एक रीत होती, वडिलांनीच घालून दिलेली. रंगाचा पहिला हात गाडीच्या मालकाने मारायचा, बॉनेटवर एकच पट्टा, मग पुढचं कारागिराने बघायचं. काकांनी बाह्या सरसावल्या, काळा भरायला सांगितला आणि रंगाच्या स्प्रे गनसाठी हात पुढे केला. दादामागे मालक आणखी कोण असणार?

लेकीने गनमध्ये पिवळा भरला आणि काकांना वळसा घालून आईकडे गेली.

"आई, मालक तू आहेस. धर."

आईने गन कधी हातात घेतली नव्हती. गन फार जवळ धरली गेली, रंग जास्त पडला आणि बॉनेटवरून एक लांब ओघळ खाली आला. काका म्हणाले, लावलीत वाट, आता घासून काढ. आजवर कुणाच्या गाडीवर तिने असा ओघळ राहू दिला नव्हता.

"हा राहणार," ती म्हणाली. "बाकीची गाडी मी रंगवते."

तरी दोघी गाडी घेऊन प्रदर्शनाला गेल्या; प्रदर्शनवाल्यांनी खरंच दारातून परत पाठवलं. लेकीचा चेहरा उतरला. शेजारी, पुढच्या सीटवर, आई बसली होती. तिने काच खाली केली, कोपर बाहेर काढलं.

"काकांच्या घरावरून घे," ती म्हणाली. "आणि हळू चालव."