आखूड गाडी

"चाकं थरथरतायत," मेकॅनिक म्हणाला. "बघ, बघ ना. थंडी वाजल्यासारखी."

बायको भांडी पुसत होती. तिने मान वळवली नाही. "नवी आहे, बुजली असेल. आधी जेवणाच्या मेजावरून उचला ती."

गाडी मेजाच्या मधोमध उभी होती. रिमोटवर चालणारा, दगडधोंड्यांवर चढणारा छोटा ट्रक. मुठीएवढी चार चाकं, चौकोनी टप, पुढे इवलासा खरा दोर गुंडाळलेला. आणि मुख्य म्हणजे आखूड. पुढच्या आणि मागच्या चाकांत जेमतेम वीतभर अंतर. त्याची जुनी गाडी दीड वीत लांब होती. दगडाच्या टोकावर तिचं पोट टेकायचं आणि चारही चाकं हवेत फिरत राहायची, उलट्या पडलेल्या झुरळासारखी. आखूड गाडीचं पोट टेकत नाही. ती जागच्या जागी वळते. मेकॅनिक हे आठ महिने बायकोला सांगत होता. बायकोला आता ते पाठ झालं होतं. शेजारणीने "काय आणलं गं?" विचारलं तेव्हा तिने "वीतभर अंतर" इथपासून सुरुवात केली होती.

पन्नाशी उलटलेल्या माणसाने खेळणं घेतलं की जगाला हसू येतं. तोच माणूस रोज दारू ढोसून आला, तर जग म्हणतं, दमला असेल बिचारा. मेकॅनिक तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होता. माणसांना वर नेणाऱ्या पेटीच्या डोक्यावर, काळोखात, ग्रीसमध्ये उभं राहून. रविवारची सकाळ तेवढी त्याची स्वतःची होती, आणि त्याबद्दल कोणाला उत्तर द्यायला तो बांधलेला नव्हता.

पण चाकं थरथरत होती.

रिमोट पिस्तुलासारखा. डाव्या हाताचं बोट वेगाच्या घोड्यावर, उजव्या हातात दिशा वळवायचं छोटं चाक. त्या चाकावर हात ठेवला की गाडीची पुढची चाकं बारीक बारीक डावी-उजवी करायची. हात काढला की शांत.

"सर्वो गेलाय," तो म्हणाला. सर्वो म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर. त्याने टप काढला, चार स्क्रू सोडवले, जुन्या गाडीतला सर्वो काढून नवीत बसवला. स्क्रू लावताना पेचकस दोनदा घसरला. पुन्हा चालू केलं. तेच.

"आता जुनाही बिघडला! बॅटरीत घोळ असणार."

बॅटरी बदलली. मग वायरी मोटरपासून लांब बांधल्या. मग खिडकी लावली, कारण समोरच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर होता. मग दुकानदाराला फोन. दुकानदार म्हणाला, "सोमवारी आणा, बघतो." उद्या रविवार! तो खोलीत येरझाऱ्या घालू लागला. खिशातल्या किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन खुळखुळवत होता. शहरातल्या अकरा इमारतींच्या लिफ्टखोल्यांच्या किल्ल्या होत्या त्या.

"किल्ल्या वाजवू नका."

"सवय आहे."

"सवय," बायको म्हणाली आणि ताट पुसत राहिली. ताट केव्हाच कोरडं झालं होतं.

*

गावाबाहेर एक बंद पडलेली दगडाची खाण होती. दर रविवारी सकाळी तिथे पाच-सहा जण जमायचे. सगळे बापये, निम्म्यांचे केस पांढरे. त्यांत एक दंतवैद्य होता, ज्याला सगळे डॉक्टर म्हणत. एक निवृत्त बस-ड्रायव्हर होता, ज्याला सगळे काका म्हणत. खाणीतल्या प्रत्येक दगडाला त्यांनी नाव दिलं होतं. सगळ्यांत अवघड जागा म्हणजे 'सासूबाई'. दोन उभ्या शिळांमधली खाच, त्यात शिरायला हातभर लांबीचा तिरका कंगोरा, आणि कंगोऱ्याची रुंदी गाडीपेक्षा बोटभरच जास्त. खाचेत शिरल्यावर काटकोनात वळायचं. चार वर्षांत एकही गाडी त्यातून गेली नव्हती. लांब गाड्यांना वळायला जागाच नव्हती.

"आणली का रे?" काका लांबूनच ओरडले.

मेकॅनिकने खोका उघडला आणि सगळे गुडघ्यांवर बसले. काकांनी गाडी तळहातावर घेऊन उलटी केली, पोट बघितलं, चाकं दाबली, वास घेतला.

"काय बुटकं गाढव आहे! वजन पुढे टाकलंय ना? नाहीतर चढावर मागे कलंडेल. आखूडला तोच रोग."

"पुढच्या चाकांत शिसं भरलंय. काल दुपारीच."

"शाब्बास. आज सासूबाईंची खैर नाही."

"एक आहे, पण," मेकॅनिक म्हणाला. "सर्वो जरा थरथरतोय."

"नवी नवरी आहे. चालव तू!"

त्याने चालवली. सपाटीवर गाडी अशी पळाली की त्याच्या पोटात गुदगुल्या झाल्या. मुरमाच्या चढावर लांब गाड्या तिरक्या घसरत होत्या तिथून ती शेळीसारखी तुरुतुरु वर गेली. एका दगडाभोवती ती जागच्या जागी फिरली आणि बापये पोरांसारखे ओरडले. मेकॅनिकही ओरडला. तेवढी पंधरा मिनिटं त्याला गुरुवार आठवला नाही.

गुरुवारी एका सात मजली इमारतीत त्याने लिफ्टचा ब्रेक लावला होता. ब्रेकचं अस्तर आणि फिरणारा ड्रम यांत कागदाएवढी फट ठेवावी लागते. पोलादी पाती आत सरकवून ती मोजायची आणि नट पाव-पाव फेऱ्याने आवळायचा. पाती फटीत जाईना. इकडे टेकत होती, तिकडे टेकत होती. त्याने कोपर भिंतीला रोवून काम उरकलं. खाली आल्यावर लिफ्ट मजल्याच्या दोन बोटं खाली थांबली. काठी टेकत येणाऱ्या एका बाईंचा पाय अडखळला, मेकॅनिकच्या कामावरच्या जोडीदाराने त्यांना धरलं. "अस्तर जुनं झालंय," मेकॅनिक जोडीदाराला म्हणाला होता. जोडीदाराने पुन्हा वर जाऊन नट आवळला. अस्तर तेच ठेवून. लिफ्ट मजल्याला बरोबर लागली.

आता गाडी सासूबाईंच्या कंगोऱ्यावर होती. अर्धा कंगोरा पार झाला. मेकॅनिकने उजवा हात छोट्या चाकावर घट्ट केला. जितका घट्ट केला तितकी गाडीची पुढची चाकं फडफडली. उजवं चाक कडेवरून निसटलं आणि गाडी खाली कोसळली.

"अरेरे!"

"सर्वो!" तो म्हणाला. "सांगितलं ना."

दुसऱ्यांदा पडली. तिसऱ्यांदा टपाचा आरसा तुटला.

"नाचता येईना म्हणे अंगण वाकडं," काका म्हणाले. "चार वर्षं गाडी लांब होती. आता सर्वो!"

"मग तुम्ही चालवून दाखवा!" तो एवढ्या मोठ्याने बोलला की काकांचं हसू जागीच विझलं.

"दे, मी बघतो," डॉक्टर म्हणाले आणि रिमोट घेतला.

गाडी कंगोऱ्यावर ठेवली गेली. डॉक्टरांनी बोट दाबलं. गाडी निघाली, सावकाश, सरळ, जणू रुळावर. चाकं कणभरही हलली नाहीत. खाचेत शिरली, थांबली, जागच्या जागी वळली, आणि पलीकडच्या उन्हात बाहेर आली.

सगळ्यांनी आरोळ्या ठोकल्या. काकांनी मेकॅनिकला मिठी मारली. "तुझी गाडी! सासूबाई पडल्या! चार वर्षांनी!" डॉक्टर ओरडले नाहीत. ते रिमोटकडे बघत होते.

बाकीचे फोटो काढायला पलीकडे गेले तेव्हा डॉक्टर हळूच म्हणाले, "गाडीला काही झालेलं नाही."

"दिसलं मला."

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मी दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालतो," डॉक्टर म्हणाले. "तुझं माझं, दोघांचंही पोट हातावर. मला थापा मारू नकोस."

मेकॅनिक खाली बसला. त्याने जुन्या गाडीचं स्टिअरिंग डोळ्यांसमोर आणलं. त्याचे सगळे सांधे झिजून सैल झाले होते, खुळखुळ वाजायचे. हाताची थरथर त्या सैल सांध्यांतच जिरून जायची. चाकांपर्यंत पोचायचीच नाही. वर गाडी लांब. लांब गाडी चालवणाऱ्याची चूक पोटात घालते. ही घालत नव्हती. हिला ना लांबी, ना ढिलाई. हात जे बोलेल ते ही चाकांनी बोलून दाखवत होती, चारचौघांत, भर उन्हात.

"दाखवून घे कोणाला तरी," डॉक्टर म्हणाले. "साधं असेल, गोळीने बसेल. नसेलही साधं. आणि तोवर..." त्यांनी रिमोट पुढे केला. "रिमोटमध्ये सोय आहे, माहितीय ना? हाताची बारीक हालचाल गाडीला कळूच द्यायची नाही, असं लावता येतं."

"माहितीय."

"लाव ते. गाडी चालवणं सोडू नकोस."

*

घरी आल्यावर त्याने ते लावलं. रिमोटच्या पडद्यावर शून्याचा आकडा होता, तो वाढवत आठावर नेला. छोट्या चाकावर हात ठेवला. हात हलत होता, रिमोट हलत होता, गाडी मेजावर दगडासारखी शांत उभी. वळवायला मात्र आता चाक बरंच फिरवावं लागत होतं. थोडी ठोंब झाली होती ती. पण शांत.

एक आकडा. झालं! त्याला हसू आलं, आणि मग गुरुवार आठवला. रिमोटला सांगता येतं, या हाताकडे काणाडोळा कर. ब्रेकला कोण सांगणार?

बायकोने चहाचा कप पुढ्यात ठेवला. त्याने कपाकडे पाहिलं.

"अर्धाच का?"

तिने साखरेचा डबा बंद केला.

"दूध संपलं?"

"गेल्या हिवाळ्यापासून अर्धाच देतेय," ती म्हणाली. "मग पुन्हा अर्धा आणून देते. तुम्हाला वाटतं मी दोनदा चहा देते म्हणून तुमचे लाड होतायत."

"बोलली का नाहीस?"

"बोलून? तुम्ही कप बदलला असतात. मग बशी. मग मेज. हात सोडून सगळं बदललं असतं तुम्ही." ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं. "गुरुवारचंही मला माहितीये. तुमच्या जोडीदाराचा फोन आला होता. वहिनी, साहेबांपर्यंत जाऊ देत नाही म्हणाला, पण वर गेल्यावर भीती वाटते म्हणाला."

"कोणाची भीती?"

"तुमची हो! तुमच्यासाठी, आणि तुमचीसुद्धा."

तो उठला. खिडकीपर्यंत गेला, परत आला. बसला, पुन्हा उठला. सगळेच सांभाळून घेत होते. बायको अर्धा कप देऊन, जोडीदार नट पुन्हा आवळून, जुनी गाडी सैल सांध्यांनी. जगाने त्याच्याभोवती आठाचा आकडा लावून ठेवला होता आणि त्याला वाटत होतं, हात ठीक आहे.

"पूर्ण भर," तो म्हणाला.

"अहो, राहू दे."

"भर गं."

तिने काठोकाठ भरला. त्याने तो उजव्या हाताने उचलला. चहा बशीत सांडला, मेजावर सांडला, गाडीच्या चाकाखाली गेला. त्याने कप तसाच तोंडाला लावला आणि उरलेला चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. तिने फडकं उचललं, पण पुसलं नाही. त्याचं होईपर्यंत तशीच उभी राहिली.

*

सोमवारी सकाळी तो दुकानदाराकडे गेला नाही. सरळ कंपनीच्या ऑफिसात गेला.

"शुक्रवारी मी तंदुरुस्तीचा फॉर्म दिला होता," तो कारकुनाला म्हणाला. "परत पाहिजे. एक उत्तर चुकलंय."

"तो वर गेला साहेबांकडे."

"मग खाली आणा. लिफ्ट चालू आहे, मीच केलीय."

कारकून हसत उठला आणि फॉर्म घेऊन आला. फॉर्मवर एकोणीस प्रश्न होते. अकरावा: हाताला कंप आहे का? एकोणीसच्या एकोणीस उत्तरांत 'नाही' लिहिलं होतं, एका दमात, न वाचता. सगळेच तसं लिहितात. कंपनीला तसंच हवं असतं. 'नाही' लिहिणारा माणूस स्वस्त पडतो.

त्याने अकराव्यावर काट मारली. काट सरळ आली नाही. पुढे 'हो' लिहिलं. ते 'हो' पावसात भिजलेल्या मुंगळ्यासारखं दिसत होतं.

कारकुनाने वाचलं. त्याचं हसू गेलं. तो पुढे झुकला. "अहो, सहा वर्षं राहिलीत तुमची. काम काढून घेतील हातातलं. स्टोअरला बसवतील, नाहीतर घरी. कोण बघतंय? द्या, मी नवा फॉर्म देतो, पहिल्यासारखाच भरा."

"गुरुवारी दोन बोटं खाली थांबली होती," मेकॅनिक म्हणाला. "पुढच्या वेळी किती बोटं, ते तुम्ही लिहून देता का? सहीनिशी?"

कारकुनाने शिक्का उचलला, मारला, फॉर्म बाजूला ठेवला. मग टेबलाकडे बघत म्हणाला, "किल्ल्या जमा कराव्या लागतील. साहेबांचा निर्णय होईपर्यंत."

"म्हणून तर आणल्यात."

त्याने खिशातून अकरा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि टेबलाच्या काचेवर ठेवला. लगेच हात काढला नाही. ऑफिसात तेवढाच आवाज होता, काचेवर लोखंड वाजण्याचा, बारीक, सारखा. टाईप करणाऱ्या बाईने मान वर करून पाहिलं. त्याने तिला बघू दिलं.

मग त्याने हात उचलला आणि किल्ल्या वाजायच्या थांबल्या.