काठावरचा कप

"कप काठावर ठेवू नकोस, आत सरकव. कप फुटला की आधी चहा सांडतो, मग घरातली शांतता."

सासूबाईंचं हे वाक्य माझ्या हातात इतकं मुरलंय, की अर्धांगाच्या झटक्याने उजव्या हाताचा ताळमेळ गेला तरी ते काही गेलं नाही.

सासूबाई वरच्या मजल्यावर असतात. त्यांना सकाळचा चहा पोचल्याशिवाय आपण घ्यायचा नाही, हा माझा रोजचा नेम. आजारपणात कप नेण्याचं काम ह्यांच्याकडे गेलं. जिना चढेपर्यंत अर्धा चहा बशीत, थोडा पायऱ्यांवर.

"चहा आणलास, की नुसती चहाची बातमी?" सासूबाई ह्यांना विचारत.

"मीच आणीन लवकर," मी त्यांना शब्द देऊन बसले. पण फिजिओथेरपीच्या बाईंची अट होती, यंत्रातली परीक्षा पास होईपर्यंत गरम काही उचलायचं नाही. आणि आमचे हे अटींचे पक्के.

परीक्षेत डोळ्यांवर जाडजूड चष्मा, हातात मोजा. चष्म्यात चित्रातलं टेबल दिसे, त्यावर तसाच कप. तो उचलून लाल गोलात ठेवायचा. पहिल्या दिवशी नुसतं बघून मी हवेतच मुठी वळत बसले. डोळे म्हणत, पोचलीस. हात विचारी, कुठे? मग बाईंनी मोज्यातली स्पर्शाची सोय सुरू केली. बोट कपाला लागलं की मोजा थरथरे, पकड बसली की हलकेच दाबे.

"माफ करा," मी दचकून म्हटलं.

"कुणाला म्हणताय?" बाई.

"कपाला. धक्का लागला."

मागे बसलेले हे म्हणाले, "माझ्या अंगावर कपाट कलंडलं, तेव्हाही हिने आधी कपाटाकडेच बघितलं होतं."

देवाचं नाव घेत रोज जात राहिले. हात स्थिरावला. गुण मात्र जागचे हलेनात.

बाई कोड्यात पडल्या. "कप छान उचलता, सरळ नेता, आणि शेवटी गोल सोडून आत का वळता? खांदा दुखतो का?"

"नाही हो. तो गोल काठावर आहे."

"मग?"

"पडेल ना."

"अहो, तो कप खरा नाही."

"कप नसेल, पण सवय खरी आहे. इथे काठावर ठेवायला शिकले आणि घरी तसंच झालं, तर वर काय तोंड दाखवू?"

बाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी हात वर केले. "मला विचारू नका. त्या घरात मीसुद्धा काठावर बसत नाही."

बाईंनी हसत गोल टेबलाच्या मधोमध आणला. मोजा थरथरला, कप उठला, नेमका गोलात बसला. मग गोल डावीकडे गेला, लांब गेला, उंच फळीवर गेला. कप चुकला नाही.

"इतके दिवस मी हातावर इलाज करत होते," बाई म्हणाल्या, "आणि घोडं अडलं होतं सासूबाईंपाशी. पास. पण सुरुवातीला कप पाऊणच भरा, आणि कठडा सोडू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे दाढी करत होते. मी चहा गाळला. एक कप पाऊण भरला, माझा झाकून ओट्यावर ठेवला, भिंतीकडे सरकवून. उजव्या हाताने सासूबाईंचा कप उचलला. मोजा नव्हता, पण कपाच्या कानाचा चटका बोटांना बरोबर कळला. डावा हात कठड्यावर ठेवून, हे धावत येऊन कप काढून घेतील म्हणून ह्यांना चाहूल लागू न देता, मी पहिली पायरी चढले.