विडीच्या कात्रीचा दर

विजापूर वेशीजवळच्या आपल्या दुकानावर कधी दराची पाटी लागेल, असं कासीम शिकलगारला वाटलं नव्हतं. दुकान म्हणजे एक अरुंद गाळा. मोटारीवर फिरणारं धारेचं चाक, शेजारी तेल पिऊन काळा झालेला दगड, भिंतीवरच्या खिळ्यांना अडकवलेल्या गिऱ्हाइकांच्या सुऱ्या-कात्र्या आणि दारात एक बाकडं. मार्चमधल्या एका सकाळी त्याच्या मुलानं, आवेजनं, दारावर निळी पत्र्याची पाटी ठोकली. कोणतीही कात्री चाळीस रुपये, सुरी तीस, विळा-कोयता पन्नास.

"सरळ लागली का बघा, अब्बा," स्टुलावर उभ्या आवेजनं विचारलं.

"सरळ हाय," कासीम म्हणाला. पाटीत त्याला खोट काढता आली नाही, याचंच त्याला वाईट वाटत होतं.

पाटीला कारण झाला होता विरेश. अक्कलकोट रस्त्यावर त्याचा शाळेचे गणवेश शिवण्याचा कारखाना होता. त्याच्या कात्र्या अधूनमधून कासीमकडे येतच असत. यंदा मात्र कारखाना वाढला होता आणि सगळंच काम कायमचं कासीमला देण्याची त्याची तयारी होती. दर ठरवायला तो दुकानात येऊन बसला, नेमकी तेव्हाच एक विडीकामगार बाई आपली कात्री घेऊन पंधरा रुपये ठेवून गेली. विरेश एका कात्रीचे पन्नास देत असे.

"काय ओ कासीमभाई," तो म्हणाला, "तीपण कात्रीच की, माझीपण कात्रीच. तिला पंधरा आणि मला पन्नास?"

"विडीवाल्या बाया हायत, साहेब. गरीब हायत. अब्बांच्या वेळेपासून त्यांना कमीच घेतो आपण."

"मग दानधर्म तुम्ही करा की. माझ्या खिशातून कशाला?"

विरेश हसत बोलला होता, त्यात कडवटपणा नव्हता. परंतु जाताना त्यानं स्पष्ट सांगितलं, की सगळ्यांना एकच दर असेल, तो पाटीवर लिहिलेला असेल आणि बिलातही तोच येईल, तर काम तुमचं. चाळिसाचा आकडाही त्यानंच सुचवला आणि कासीमनं तो मान्य केला.

आवेजनं आयटीआय केलं होतं. चाकणच्या एका कंपनीतून त्याला बोलावणं आलं होतं आणि एप्रिलच्या आत कळवायचं होतं. त्यानं वडिलांना धमकी दिली नाही, रुसलाही नाही. जेवताना एवढंच म्हणाला, "विरेश साहेबांचं काम आलं तर मी राहतो. न्हाय आलं तर एका चाकावर दोन संसार चालत न्हाईत."

सायराबानूनं भाकरी वाढता वाढता नवऱ्याकडे पाहिलं. "खरंच की. नुसती माया खाऊन पोट भरतं का?"

"दादांची, तुमच्या अब्बांची, दया मोठीच होती," आवेज म्हणाला. "पण ती आपल्याला परवडत न्हाय."

कासीमनं मान हलवली. कारण तो कमी दर म्हणजे दया, ही त्याचीही समजूत होती, आणि ती त्यानं आयुष्यभर एखाद्या ठेव्यासारखी जपली होती. डोळे मिटले की त्याला वडील दिसत, ते विडीवाल्यांच्या वस्तीतच. गिरणीचा भोंगा होऊन गेलेला असे. वडील सायकल स्टँडवर उभी करत, साखळी मागच्या चाकावरून काढून धारेच्या चाकाला जोडत आणि जागच्या जागी पायडल मारू लागत. त्या आवाजानं दारादारांतून बायका बाहेर येत, तेलुगूत एकमेकींना हाका मारत. सुपात ओली तेंदूची पानं, मांडीवर सूप, हातात कात्री. ठिणग्या उडत, पोरं लांब पळत. कोणी "शिकलगार, काय घेणार?" असं विचारलं की वडील उलट विचारत, "काय कापता?" विडीचं पान म्हटलं, की चार आणे. मंगळवार पेठेतल्या शिंप्याकडून मात्र पुरता रुपया. सोळाव्या वर्षी वडिलांसोबत फिरू लागलेल्या कासीमला तेव्हापासून वाटत आलं, की आपल्या बापाचं काळीज मोठं आहे. दुपारी एखादी बाई पाण्याचा तांब्या आणून देई, तेव्हा तिच्या नजरेत त्याला ऋणाची जाणीव दिसे. आता वस्ती बदलली होती, बऱ्याच बायका कुंभारीकडच्या घरांत राहायला गेल्या होत्या, विड्या वळणाऱ्या हातांची संख्याही उतरली होती. उरलेल्या बायका मात्र बसचं तिकीट काढून कासीमकडेच येत.

पाटी लागल्यानंतर त्यांतली पहिली आली ती राजव्वा. शुक्रवारची दुपार होती, कासीम नमाजाला गेला होता. दुकानात एकटा आवेज.

"काय रे पोरा," पाटीकडे हात करून ती म्हणाली, "दुकानाचं लगीन काढलास का? लई नटवलायस!" तिला वाचता येत नव्हतं. आवेजनं दर सांगितला, तशी ती बाकड्यावरून उठलीच. "चाळीस? कात्री विकत घेतोस काय माझी?"

"मावशी, सगळ्यांना सारखाच दर हाय आता. पण काम असं करून देतो, वर्षभर नाव काढशील."

घरी पानं भिजत पडली होती आणि कात्री बोथट झाली होती. राजव्वानं कुरकुरत पैसे दिले. आवेजला ती कुरकुर लागली. तो प्रामाणिक मुलगा होता. शिंप्याइतके पैसे घेतले, तर शिंप्याइतकंच काम द्यायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं. त्यानं कात्रीचा स्क्रू काढून दोन्ही पाती वेगळी केली, चाकावर धरली, मग तेलाच्या दगडावर कितीतरी वेळ घासली. बोटानं चाचपून पाहावं तर कुठे कण लागू नये. शेवटी पातं आरशासारखं चमकू लागलं. कासीम परतला तेव्हा राजव्वा निघून गेली होती.

"चाळीस घेतले," आवेज म्हणाला, "पण चाळिसाची धार दिली, अब्बा. फसवलं न्हाय."

"बरं केलंस," कासीम म्हणाला. त्यालाही थोडं हलकं वाटलं. वडिलांचा दर गेला, निदान वडिलांचा सच्चेपणा तरी दुकानात राहिला, असं त्याच्या मनात आलं.

दुसऱ्या आठवड्यात राजव्वा पुन्हा आली. या वेळी तिच्या हातात ओल्या फडक्याची गाठोडी होती. ती बाकड्यावर बसली नाही.

"कासीमभाई, तुझ्या पोरानं काय केलंय माझ्या कात्रीला?"

"काय झालं, अक्का?"

"बघ की, तूच बघ." तिनं फडकं सोडून एक पान घेतलं, त्यावर मापाचा पत्रा ठेवला आणि कात्री चालवली. पातं पानाला चावलंच नाही. ओलं, चिवट पान दोन पात्यांमधून पुढे सरकत गेलं, मासा हातातून निसटावा तसं, आणि कड वेडीवाकडी कापली गेली. "असं. सगळी असलीच. विडी तोंडाशी वाकडी होते. कारखान्यातल्या मोजणाऱ्यानं माझ्या निम्म्या विड्या छाट म्हणून बाजूला काढल्या. पानं काय मला फुकट मिळतात? वजन करून देतात की. कमी पडली तर बाजारातून मीच आणायची."

आवेज पुढे आला. त्याचा चेहरा उतरला होता. "पण मावशी, मी तर लई चांगली धार लावली. तेलाच्या दगडावर घासून."

"कुणी सांगितलं तुला तेलाचा दगड लावायला? मी काय पँट बेततीया?"

कासीमनं कात्री हातात घेतली, उजेडात धरली आणि अंगठा पात्यावरून आडवा फिरवला. धार निर्दोष होती. सुती कापडाचा एकही धागा तिनं ओढला नसता. त्यानं मोटार सुरू केली, कात्री न खोलताच एक पातं चाकावर एकदा नेलं, मग दुसरं, आणि मोटार बंद केली. तेलाच्या दगडाकडे तो वळला नाही. चाकाची बारीक खरखर पात्यावर तशीच राहू दिली.

राजव्वानं दुसरं पान घेतलं. या वेळी पात्यानं पान जागच्या जागी धरलं आणि कर्र आवाज करत मापाबरोबर कापलं.

"हां," ती म्हणाली. "आता कात्री झाली."

"एवढंच?" आवेजनं विचारलं.

"एवढंच," कासीम म्हणाला. आणि हा शब्द उच्चारताना तो स्वतःच थबकला. त्यानं हे काम इतकी वर्षं असंच केलं होतं. हात ते जाणत होते. परंतु हे काम एवढंसं आहे, शिंप्याच्या कात्रीच्या कामाशी त्याची तुलनाच होत नाही, याचा त्यानं दराच्या संदर्भात कधी विचार केला नव्हता. त्याच्या लेखी दराची जागा वडिलांच्या काळजात होती, चाकावर नव्हती.

"राग धरू नको, अक्का," तो म्हणाला. "अब्बांनी तुम्हा बायांवर दया करून दर कमी ठेवला होता. आता पोराला ते—"

"दया?" राजव्वानं मान वर केली. "कुणी केली दया?"

कासीम चाकावरची धूळ फडक्यानं पुसू लागला.

"तुझा बाप चार आणे घ्यायचा, कारण काम चार आण्याचंच होतं. एकदा का दोनदा फिरवलं की झालं. आम्ही काय आंधळ्या होतो का? शिंप्याची कात्री घेऊन तो अर्धा अर्धा तास बसायचा, ते बघत होतो की. एकदा माझ्या आईनं दोन आणे देऊन बघितले, तर कात्री परत दिली न्हाय त्यानं. म्हणाला, चार आण्याचं काम हाय, चारच पाहिजेत." ती पानं फडक्यात गुंडाळू लागली. "फुकटचं आम्ही कुणाचं खाल्लं न्हाय, भाई. तुझ्या बापाचंही न्हाय."

बोलण्यात राग नव्हता, पण ताठपणा होता. आवेजनं गल्ल्यातून चाळीस रुपये काढून तिच्यापुढे धरले. तिनं त्यातले वीस उचलले आणि वीस तिथंच ठेवले.

"मावशी, पंधरा होते की," तो म्हणाला.

"पंधराला किती वर्षं झाली? विजेचं बिल वाढलं न्हाय काय तुमचं? वीस बरोबर हायत. पण पुढच्या वेळी तेल लावलास तर कात्री तुझ्याच डोक्यात घालीन."

ती गेल्यावर कासीम बाकड्यावर बसला. काहीतरी हरवल्यासारखं त्याला वाटत होतं, आणि ते खोटं नव्हतं. सायकलीभोवती जमलेल्या त्या बायकांच्या नजरेत त्याला जे ऋण दिसलं होतं, ते तिथं नव्हतंच. तिथं होती ती चोखंदळ गिऱ्हाइकं, जी पान कापून पाहिल्याशिवाय नाणं सोडत नसत. आणि वडील दाते नव्हते, कारागीर होते. तांब्याभर पाणी ती बाई आणून देई, ते उपकार फेडायला नव्हे. माणूस उन्हात पायडल मारतो आहे म्हणून. त्या आठवणीतलं तेज थोडं कमी झालं, पण माणसं अधिक स्पष्ट दिसू लागली. वडिलांचा घामेजलेला सदरा, अंगठ्याला बांधलेली चिंधी, बायकांचं मोठ्यानं हसणं. त्याला वाटलं, आपण त्यांना इतकी वर्षं एका चौकटीत बसवून ठेवलं होतं.

"अब्बा," आवेज म्हणाला, "मग चाळिसात विरेश साहेबांच्या कात्र्या आपण तोट्यात करतोय की."

"व्हय."

"आणि त्यांना दानाचा राग होता. दान तर कुणालाच न्हाय दिलेलं."

"मला सांगता आलं न्हाय रे त्या दिवशी."

"मी सांगतो," आवेज म्हणाला. सांगितलं तर काम हातचं जाईल, हे दोघांनाही ठाऊक होतं. काम गेलं तर चाकण होतंच.

आवेजनं फोनवर काही समजावलं नाही. विरेशला दुकानात बोलावलं. तो आला तेव्हा गणवेशाच्या खाकी कापडाचा एक तुकडा आवेजनं त्याच्यापुढे ठेवला. विडीच्या धारेची एक कात्री त्याच्या हातात दिली. कापड कापलं गेलं, पण कडेला धागे ओढले गेले. मग त्याची स्वतःची, तेलाच्या दगडावरून उतरलेली कात्री दिली. ती पाण्यातून गेल्यासारखी गेली.

"ही पहिली, त्या विडीवालीची," आवेज म्हणाला. "हिला हात फार लागत न्हाय. म्हणून वीस. तुमची खोलावी लागते, घासावी लागते, पुन्हा बसवावी लागते. तिचे पैसे तुम्ही देत न्हाय, साहेब, आणि तुमचे ती देत न्हाय. तुमच्या कामाचे पंचावन्न होतात."

विरेशनं कापडाच्या दोन्ही कडा शेजारी शेजारी धरल्या. "म्हणजे चाळीसवर आणलं मी आणि तुम्ही पंचावन्नवर नेताय. उलटंच की ओ!" तो कासीमकडे वळला. "हे तुम्ही आधी का नाही बोललात?"

"मलाच ठाऊक नव्हतं, साहेब," कासीम म्हणाला.

विरेश हसला. बराच वेळ घासाघीस झाली. पन्नास म्हणजे जुनाच दर, त्यावर तो अडून बसला; आवेज पंचावन्नवर. शेवटी बावन्नवर आले. तेही या हंगामापुरतं, पुढचं पुढे पाहू, असं म्हणून विरेश गाडीवर बसला. बिलं तपासणाऱ्या लेखनिकाला काय सांगायचं ते मी बघतो, म्हणाला. काम कायमचं झालं नव्हतं. एका हंगामाचं झालं होतं.

आवेज स्टूल घेऊन पाटी उतरवू लागला. खिळा निघता निघेना. पक्कड ओढता ओढता त्यानं विचारलं, "हजामांच्या कात्रीचं काय होतं? दादा त्यांना काय घ्यायचे?"

"हजामाचं सगळ्यांत जास्त. ती कात्री केस ढकलता कामा नये."

"आणि खाटकाची सुरी?"

"तिला घासण्यापेक्षा तिची पाठ सरळ करण्यात वेळ जातो."

"आणि उजनीकडून ऊसवाले कोयते आणतात ते?"

चाकणला जाणारा माणूस कोयत्याचा दर विचारत नाही, हे कासीमला कळलं. हातातलं फडकं त्यानं खांद्यावर टाकलं आणि स्टुलाचा पाय धरून उभा राहिला.

"कोयत्याचं वेगळं असतं," तो म्हणाला. "आधी तू खाली उतर. तो हातात घेऊनच सांगावं लागतं."