गुरुवारी डेंटिस्टच्या घरी

त्या सिरीयलचं खरं नाव दोह्यातल्या, अल हिलाल भागातल्या त्या बिल्डिंगमध्ये कोणी घेत नसे. सगळे तिला डेंटिस्टची सिरीयल म्हणत. अमेरिकेतल्या कुठल्याशा उपनगरात राहणारा एक काळा डेंटिस्ट, त्याची बायको, तीन मुलं, दारात दोन गाड्या, मागे हिरवळ. कोणीतरी काहीतरी बोलायचं आणि न दिसणारी माणसं खदाखदा हसायची. दोन हजार दोनच्या सप्टेंबरात ती डिशवर नव्यानेच लागली. पहिला भाग अर्धा संपायच्या आत चार्ल्सने निकाल देऊन टाकला, "नाही चालायची ही. कोण बघणार असलं?" चार्ल्सला टीव्हीतलं कळत होतं अशातला भाग नाही, पण सोफ्यावर बसून बोलायला कुणाचं काय जातं!

बघणारी त्याच्याच शेजारी बसली होती. क्रिस्टी, त्याची पंधरा वर्षांची लेक. रंगाने चार्ल्सच्या बापावर गेलेली, केस कुरळे, कंगवा अडकून बसावा असे. शाळेतल्या पोरींनी दोन वर्षं तिला इतकं चिडवलं होतं, की मुलगी मिटूनच गेली. वाढदिवसांना जाणं बंद, गाणं बंद, फोटो काढायची वेळ आली की ही नेमकी बाथरूममध्ये. आईने, जोसेफीनने, तिला बेसन लावलं, दुधाची साय लावली, ट्यूबमधलं क्रीम लावलं, आणि प्रत्येक वेळी लावताना "तू छानच दिसतेस गं बाय" असंही म्हटलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील, हे मुलीने कधी विचारलं नाही. ती मराठी सगळं समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची, आणि हल्ली तर तेही एखाद्या शब्दात.

डेंटिस्टची मधली मुलगी क्रिस्टीच्याच रंगाची होती. डोक्यावर बारीक बारीक वेण्या, गळ्यात मोठे मणी, आणि अख्खं घर तिच्या तालावर नाचणारं. तिला कोणी क्रीम लावत नव्हतं. तिच्यावर मरणारा मुलगा खिडकीखाली उभा राहून शिंकत होता. ते बघून क्रिस्टी हसली, मोठ्याने. जोसेफीन किचनमधून ओल्या हातांनी धावत आली. दोन वर्षांनी ते हसू ऐकल्यावर तिला रडूच फुटलं.

"हे हसतात ते लोक कुठे बसलेत?" तिने डोळे पुसत विचारलं.

"ते रेकॉर्डेड असतं, मम्मी," क्रिस्टी इंग्रजीत म्हणाली. "एकदा हसून ठेवतात. मग तेच तेच लावतात."

पुढच्या गुरुवारी समोरच्या फ्लॅटमधली खतिजाही आली. खतिजा सुदानची, तिचा नवरा नसरुद्दीन शाळेत अरबी शिकवायचा. जोसेफीनला कतारमध्ये जिवाभावाचं असं एकच माणूस होतं आणि ते हे. जोसेफीनचं दुसरं पोर पोटातच गेलं तेव्हा चार्ल्स कामासाठी दूर रस लफ्फानच्या गॅस प्लांटवर अडकला होता. हॉस्पिटलमध्ये तिच्या उशाशी बसून राहिली ती खतिजा. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे कोणाला कोणाची लाज नव्हती. खतिजा तिला सिस्टर म्हणायची. इकडून ताटलीत फुगे, म्हणजे वसईचे ते तळलेले गोल पाव, गेले की तिकडून त्याच ताटलीत खजूर यायचे. ताटली रिकामी परत करायची नाही, हे सुदानमध्येही तसंच आणि वसईतही तसंच, हे कळलं तेव्हा दोघी केवढ्या खूष झाल्या होत्या.

खतिजा ती सिरीयल बघताना हसली मात्र अजिबात नाही. हात मांडीवर ठेवून, चर्चमध्ये मिस्सेला बसावं तशी बसून होती. संपल्यावर म्हणाली, "सिस्टर, टीव्हीवर आमच्यासारखे लोक मी नेहमी बघते. माशा बसलेले, उपाशी, पळणारे. आज पहिल्यांदा बघितलं, कोणी मेलं नाही. मुलगी फक्त एवढ्यासाठी रडली, की बापाने गाडी दिली नाही." आणि मग एकदम हसायला लागली, थांबेचना. तिच्याबरोबर क्रिस्टी हसली, जोसेफीनही हसली. चार्ल्सने पेपर वर धरला.

गुरुवार मग त्या तिघींचा झाला. चहा, बिस्किटं, डेंटिस्ट. ऑक्टोबरात एका बुधवारी खतिजाने क्रिस्टीला पुढ्यात बसवून दुपारभर खपून तिच्या डोक्यावर तश्शाच बारीक वेण्या घातल्या. मुलगी आरशासमोर गेली. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मग कपाटातला कॅमेरा घेऊन आली आणि आईच्या हातात देत म्हणाली, "टेक माय फोटो, मम्मी." जोसेफीनने एकामागून एक तीन फोटो काढले. मुलगी परत आली, असं तिला वाटलं. देवाकडे तिने दुसरं काही मागितलंच नव्हतं.

नेमकी दुसऱ्या दिवशी मरियामाउलीची मूर्ती तिच्या घरी येणार होती.

ऑक्टोबर म्हणजे रोझरीचा, जपमाळेच्या प्रार्थनेचा महिना. दोह्यात तेव्हा चर्चची इमारत नव्हती. वसईची मंडळी मरियेची मूर्ती टॉवेलमध्ये गुंडाळून, शॉपिंगच्या पिशवीत घालून, एका घरून दुसऱ्या घरी न्यायची. खिडक्या लावून, आवाज खाली ठेवून प्रार्थना, मग उकडलेले चणे, फुगे आणि चहा. प्रार्थना सांगायचा मान मर्लिन आंटीचा. आंटीच्या नवऱ्याने चार्ल्सला आपल्या कंपनीत चिकटवलं होतं, आणि ही गोष्ट आंटी कधी बोलून दाखवत नसे, फक्त विसरू देत नसे. तिने खोकलं तरी जोसेफीन पाणी घेऊन उभी.

गुरुवार आहे, खतिजा येईल, हे जोसेफीनला सकाळपासून ठाऊक होतं. आज येऊ नकोस असं सांगायला ती दोनदा दारापर्यंत गेली आणि दोनदा परत फिरली. कोणत्या तोंडाने सांगणार? प्रार्थना संपली, बायका चण्यांवर आल्या, तेवढ्यात बेल वाजली. खतिजा खजुराचा डबा घेऊन दारात उभी. सगळ्यांनी तोंडभरून हॅलो केलं, सरकून जागा दिली. क्रिस्टीने टीव्ही लावला आणि तिच्या पायाशी जाऊन बसली. वेण्या घातलेलं डोकं तिच्या गुडघ्याला टेकलेलं.

"अगं बाई, ही ती सिरीयल का?" मर्लिन आंटी मराठीत म्हणाली. आपल्या लोकांची ही जुनी खोड. चारचौघांत परकं माणूस बसलेलं असलं, की त्याच्याकडे बघून गोड हसायचं आणि मराठीत हवं ते बोलायचं. जणू मध्ये भिंतच आहे. "एकाच घरात एवढे सगळे काळे! लाइट गेली तर त्या बापाला आपली पोरं सापडायची कशी?"

बायका खुसखुसल्या. खतिजा टीव्ही बघत होती.

आंटीला चेव आला. चण्यांची वाटी खाली ठेवून तिने क्रिस्टीकडे हात केला. "आणि ही आमची बघा. वेण्या घालून अगदी त्यांच्यातलीच झाली. जोसेफीन, हॉस्पिटलमध्ये बदलली तर नाही ना गं तुझी पोरगी? ह्या शेजारणीची तर नाही?"

आणि जोसेफीन हसली.

कोणी तिला हसायला सांगितलं नव्हतं. नुसती गप्प बसली असती, किचनमध्ये निघून गेली असती, तरी चाललं असतं. पण आंटी बोलली की हसायचं, ही सवय इतक्या वर्षांची होती, की हसू मनाला न विचारताच तोंडातून बाहेर पडलं. सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने. मग बाकीच्या हसल्या. टीव्हीतलेही त्याच वेळी हसले.

क्रिस्टी वळली. ती आंटीकडे बघत नव्हती, आईकडे बघत होती.

खतिजाने सगळ्यांचे चेहरे पाहिले. सगळे हसताहेत म्हणून तीही हसली बिचारी. "व्हॉट शी सेड? टेल मी, सिस्टर. मीपण हसते."

 आंटी चण्यांत काहीतरी शोधू लागली. आणि क्रिस्टी बोलली. इंग्रजीत नाही. मोडक्या, अडखळत्या मराठीत, कैक वर्षांत पहिल्यांदा. "मम्मी, तूच सांग ना तिला. तू कशाला हसलीस?"

सांगायला हवं होतं. निदान आंटीला "हे बरं नाही बोललात" एवढं म्हणायला हवं होतं. जोसेफीनच्या डोळ्यांसमोरून चार्ल्सची नोकरी, व्हिसा, शाळेची फी, सगळं एका क्षणात सरकून गेलं.

"नथिंग, नथिंग," ती शेवटी म्हणाली. "आंटी म्हणते, सिरीयल खूप फनी आहे."

खतिजाने मान हलवली. तिचा हात क्रिस्टीच्या डोक्यावर होता, तो तिने हळूच उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला. भाग संपेपर्यंत ती थांबली. उठून जाण्याइतकी उद्धट ती नव्हती. जाताना सगळ्यांना शुक्रन म्हणाली.

त्या रात्री क्रिस्टीने एकटीने बसून सगळ्या वेण्या सोडल्या. जोसेफीन मदतीला गेली, तर तिने दार लावून घेतलं. सकाळी केसांना चपचपीत तेल, मागे करकचून आवळलेला रिबिनीचा बो, आणि बेसिनवर क्रीमची ट्यूब उघडी पडलेली. कधी नव्हे ती तिने आपणहून लावली होती. जोसेफीन ती ट्यूब हातात घेऊन उभी राहिली. आता हे कोणाला सांगायचं, हे तिला कळेना.

दोन दिवसांनी तिने फुगे तळले, ताटलीवर रुमाल घातला आणि समोरची बेल वाजवली.

"खतिजा, आय ॲम सॉरी," ती म्हणाली. रडायचं नाही असं ठरवून आली होती, तरी रडली.

"सॉरी कशासाठी?" खतिजाचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "तुम्ही म्हणालात, नथिंग. मग नथिंग, मादाम जोसेफीन." तिने दोन्ही हातांनी ताटली घेतली, थँक्यू म्हटलं आणि दार लावलं.

मादाम. सिस्टरची मादाम झाली होती. भांडली असती तर समजूत काढता आली असती.

संध्याकाळी ताटली दाराबाहेर पायपुसण्यावर होती. स्वच्छ घासलेली, पुसलेली, आणि रिकामी.

गुरुवार आला. जोसेफीनने का कोण जाणे, तीन कप मांडले. बाहेरचं दार थोडं उघडं ठेवलं. समोरचं बंद होतं. साडेसातला तिने स्वतःच टीव्ही लावला. डेंटिस्टच्या घरात बत्तीस मेणबत्त्यांचा केक आणला होता आणि मधली मुलगी, वेण्या उडवत, तो लपवायला जागा शोधत होती.

"क्रिस्टी," तिने हाक मारली. "ये बाय, सुरू झाली बघ. चहा केलाय."

 ती उठून मुलीच्या खोलीच्या दारात गेली. मुलगी पुस्तक उघडून बसली होती.

"किती दिवस बोलणार नाहीस माझ्याशी? चुकलं माझं. ऐकतेस का, बाय? माझं चुकलं."

क्रिस्टीने वर पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. ओळखही नव्हती. शाळेत एखाद्या परक्या बाईशी बोलावं तशी ती अगदी अदबीने म्हणाली,

"सॉरी, मम्मी. आय डोन्ट अंडरस्टँड मराठी."

बाहेरच्या खोलीत केक पडला असावा. माणसं पोट धरधरून हसत होती.