पट्टीची गाठ

जीप आली तेव्हा डॉक्टर तोफज्जल जेवत होते. साधीच खिचडी, वर तळलेलं वांगं. दारातल्या दोघांपैकी एकाला लहानपणी त्यांनीच हिवतापातून काढलं होतं.

"पेशंट आहे, काका," तो म्हणाला. "बॅग राहू दे, तिकडे सगळं आहे."

डॉक्टर घुटमळले. तेव्हा त्यांची बायको हुस्नेआराच म्हणाली, "एरवी ताटावरून उठून पळता, आज कसले आढेवेढे? कुणाची तरी आई वाट बघत असेल. जा!" वर थंडी म्हणून तिने त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. कसरीने खाल्लेल्या काठाला तिनेच निळी पट्टी शिवली होती.

दोन दिवसांनी बांगलादेश स्वतंत्र झाला. रस्त्यावर लोक नाचत होते, आणि हुस्नेआरा दाराला कान लावून बसली होती.

डॉक्टर माणूस मोठा तापट. "मला विचारल्याशिवाय पट्टी सोडलीस तर दुसरा हातही मोडून ठेवीन!" हे त्यांचं पेटंट वाक्य. गाठ तर अशी मारायचे की मच्छरदाणीची दोरीसुद्धा हुस्नेआराला रोज कात्रीने कापावी लागे. युद्धात जखमी होऊन आलेली पोरं त्यांनी 'टायफॉइड' म्हणून मागच्या खोलीत निजवली, बरी केली आणि शिव्या देऊन परत पाठवली. ही गोष्ट कुणीतरी पाकिस्तानी लष्कराच्या माणसांपर्यंत पोचवली. घरभेदी कुठे नसतात!

"बॅगेशिवाय कसला आलाय पेशंट?" हुस्नेआरा म्हाताऱ्या कंपाउंडर कासेमला पुन्हा पुन्हा विचारायची. "मला कळायला नको होतं? खोट्या पेशंटसाठी मीच धाडलं त्यांना."

"भाभी, तुम्ही नाही म्हटलं असतं तरी ओढून नेलंच असतं."

"ओढून नेलं असतं तर बरं झालं असतं रे. मी धाकदपटशा करून धाडलं."

चौथ्या दिवशी गावाबाहेरच्या वीटभट्टीत प्रेतं सापडल्याची बातमी आली. कासेम नको नको म्हणत असताना ती गेली. डोळे बांधलेले, हात मागे बांधलेले. नाकाला पदर लावून ती एकेक चेहरा बघत पुढे सरकत होती.

एका अनोळखी माणसापाशी ती थबकली. चाळिशीचा असेल, शिक्षकबिक्षक. इतरांसारखे त्याचे हात बांधलेले नव्हते. उजवा हात मोडलेला होता. त्याला दोन्ही बाजूंनी बांबूच्या कांबी लावून निळ्या कापडाने घट्ट बांधलं होतं. कापडावर तिचेच टाके होते.

तिने गाठीला हात लावला. गाठ हलेना.

"कासेम," ती म्हणाली, "पेशंट होता रे. खरंच होता." आणि तिथेच बसून ती ओक्साबोक्शी रडली. चार दिवसांत पहिल्यांदाच.

डॉक्टर त्या माणसाच्या पलीकडेच पडले होते. अंगावर शाल नव्हती.

संध्याकाळी दफनाआधी दोघांना शेजारी ठेवलं. परक्याच्या हाताचं बांधलेलं काढावं म्हणून कासेमने सवयीने कात्री उघडली. हुस्नेआराने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय पट्टी सोडायची नसते."