पोटातली स्प्रिंग

मित्रांनो, मी एक जुना ताणकाटा आहे. वर टांगायची कडी, मध्ये पितळी तबकडी, तिच्यावर तीस पौंडांपर्यंतचे आकडे आणि खाली एक गंजका हूक, एवढाच माझा संसार. स्वभावाने मी मत्सरी आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे ते लपणार नाही.

अलाबामातल्या टिडमोरांच्या घरी मी आलो तेव्हा माझी तबकडी आरशासारखी चकाकत होती. बक टिडमोरने मला स्वयंपाकघरात फ्रिजशेजारच्या खिळ्याला टांगलं आणि आपल्या दोन मुलांना, हॉलिसला आणि ओडेलला, समोर उभं करून कायदा सांगितला. "मोठ्या तळ्यावर ज्याच्या गळाला आजवरचा सर्वांत जड बास मासा लागेल, होडीतली पुढची खुर्ची त्याची. कुठे जायचं तेही तोच ठरवणार. वजन हा काटा सांगेल, तुमची तोंडं नाही. आणि जो काटा बिघडवेल, त्याने पुन्हा माझ्या होडीत पाय ठेवायचा नाही."

पुढच्या खुर्चीत एवढं काय, असं तुम्ही विचाराल. बासच्या शिकारीत पुढे बसणाऱ्याचा गळ आधी पडतो. मागच्याच्या वाट्याला उष्टं पाणी येतं. त्यातून मागच्याला दिवसभर पुढच्याची पाठ बघत बसावं लागतं, ते वेगळंच.

ते माझे वैभवाचे दिवस होते. दरवर्षी एप्रिलमध्ये डॉगवुडच्या झाडांना पांढरा बहर आला की बास अंडी घालायला काठाशी येतो, आणि टिडमोरांच्या टेबलावर तळ्याचा नकाशा पसरला जाई. मासा तोलला की लगेच पाण्यात सोडून देत. मागे उरे तो फक्त माझा शब्द. फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तो लिहिला जाई आणि त्यावर कोणी हुज्जत घालत नसे. एकोणसत्तर साली हॉलिसची मुलगी लॉरेटा या घरातच जन्मली, तेव्हा सुईणीने तिला उशीच्या अभ्र्यात घालून माझ्या हुकाला अडकवलं. सात पौंड दोन औंस. तेही त्याच दारावर लिहिलं, माशांच्या यादीत. इतका नाजूक भार मी पुन्हा कधी उचलला नाही.

चौऱ्याऐंशी साली धाकट्या ओडेलने ओंडक्यांच्या खाडीत दहा पौंड बारा औंसांचा बास धरला आणि पुढच्या खुर्चीत जाऊन बसला. हॉलिस मागे गेला. तोंडाने अभिनंदन केलं त्याने, पण त्या रात्रीचं जेवण त्याने कुत्र्याला घातलं.

पुढच्या वर्षी हॉलिसने होडीला नवं इंजिन घेतलं आणि "तुझ्या इंजिनापेक्षा हलकं आहे" म्हणून मिरवू लागला. ओडेलला ते कुठलं सोसायला? नोव्हेंबरात घरात कोणी नाही असं बघून त्याने मला पेकनच्या झाडाला बांधलं आणि आपलं इंजिन माझ्या हुकाला टांगलं. मित्रांनो, माझी ताकद तीस पौंडांची. ते धूड पन्नासाच्या वरचं. माझी स्प्रिंग एकदा कण्हली आणि शेवयीसारखी लांब झाली.

ओडेलच्या तोंडचं पाणी पळालं. वडिलांचा कायदा त्याला पाठ होता. त्याने इकडेतिकडे बघितलं, घराच्या मागल्या जाळीच्या दाराची लांब स्प्रिंग काढली, अर्धी तोडून माझ्या पोटात बसवली आणि उरलेली अर्धी आपल्या गळांच्या डब्यात तळाशी दडवली. माझी सुई शून्यावर आली. वरून सगळं ठीक दिसत होतं. पण दाराची स्प्रिंग मऊ असते. तिला जेवढं टांगाल त्याहून ती थोडं जास्तच सांगते. त्या दिवसापासून मी खोटं बोलू लागलो.

आणि ते जाळीचं दार? ते आपोआप मिटेनासं झालं. हॉलिसची आई माश्यांना शिव्या देत ते मिटून राहावं म्हणून त्याला विटेचा टेकू लावू लागली. गेल्या एप्रिलपर्यंत ती वीट तिथेच होती.

एक्याण्णव साली हॉलिसने बुडालेल्या पुलापाशी एक बास धरला. मी पाहिलं आणि सांगितलं, अकरा पौंड दोन औंस. माझ्याच तोंडाने मी ओडेलला त्याच्या खुर्चीतून उठवलं. मासा खरा साडेदहालाही टेकत नव्हता. हे मला माहीत होतं आणि ओडेलला संशय होता. पण तो बोलणार काय? बक तोवर वारला होता, होडीबाहेर काढणारं कोणी उरलं नव्हतं. पण आता तोंड उघडलं तर हरल्यावर सुचलेली थाप म्हणतील. तेहतीस वर्षं तो मागच्या खुर्चीत बसून हॉलिसची पाठ बघत जळत राहिला. दर एप्रिलला स्वयंपाकघरात आला की तो आधी माझ्याकडे बघे. मी त्याची नजर ओळखत होतो. मत्सराला मत्सर ओळखू येतोच.

आता गेल्या एप्रिलचं सांगतो. हॉलिस एक्याऐंशीचा झाला होता, ओडेल शहात्तरचा. उन्हाळ्यानंतर हॉलिस लॉरेटाकडे ओहायोला राहायला जाणार होता आणि होडी विकायची होती. म्हणजे ही शेवटची सहल. टेबलावर नकाशा होता, बाजूला मऊ पावासारखी बिस्किटं आणि ग्रेव्ही, गोड चहाचे ग्लास.

"पुलापासून सुरुवात करू," हॉलिस म्हणाला.

"तेहतीस वर्षं पूलच," ओडेल म्हणाला. "त्या पुलाखालचे मासे आता तुला नावाने हाक मारत असतील. यंदा ओंडक्यांच्या खाडीत जाऊ की. एकदाच."

"कायदा काय सांगतो?"

"कायदा माझ्या पाठीत भरलाय. मागची खुर्ची मोडकी आहे."

लॉरेटा खाण्याचं सामान भरत होती. "ओडेलकाका, केळी कोणी आणली? होडीत केळं नेतात का? मासा लागत नाही."

"ती माझ्या न्याहारीची आहेत. आणि अपशकुन मागे बसणाऱ्याला आणखी काय करणार?"

लॉरेटा हसली आणि तिने पिशवीतून एक डबी काढली. तिच्यात नवा काटा होता. बॅटरीवरचा, बोटभर, हिरव्या उजेडात आकडे दाखवणारा. मला जे वाटलं ते लपवत नाही. त्या चिमुरड्याला गंजवून टाकावं असं वाटलं. ना तबकडी, ना वजनदार अंग, ना कधी अभ्र्यातलं बाळ उचललेलं. आणि लॉरेटाने, माझ्या लॉरेटाने, त्याला पाच पौंडांच्या पिठाची पिशवी अडकवली. पाच, तो म्हणाला. मग तिने गंमत म्हणून तीच पिशवी मला अडकवली.

जीव खाऊन मी सुई आवरली. नाही आवरली. पाच पौंड सहा औंस.

"डॅडी, हा काटा वाढवून सांगतो," लॉरेटा म्हणाली. "कधीपासून?"

ओडेल बिस्किटाचे तुकडे करत राहिला, खाल्ला मात्र एकही नाही. लॉरेटाने मला उलटं केलं, नाणं घालून पाठ उघडली आणि आतली स्प्रिंग उजेडात धरली. तिच्या वेढ्यांत हिरव्या रंगाचे पोपडे अडकलेले होते. मागचं जाळीचं दार हिरवं आहे.

"पंच्याऐंशीचा नोव्हेंबर," ओडेल म्हणाला. आवाज अगदी बारीक. "इंजिन टांगलं होतं. तुझ्यापेक्षा हलकं ठरवायचं होतं मला."

"माहीत आहे," हॉलिस म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"आईचं दार एका दिवसात उघडं राहायला लागलं, आणि तू आठवडाभर काट्याकडे बघेनासा झालास. मी एवढा बावळट दिसतो का?"

ओडेल उभा राहिला. त्याची खुर्ची मागे पडली. "म्हणजे एक्याण्णवला तुला ठाऊक होतं? तुझा मासा माझ्याहून हलका आहे हे ठाऊक होतं? मग तेहतीस वर्षं गप्प का बसलास?"

हॉलिसने चहाचा ग्लास टेबलावर गोल फिरवला. "बोललो असतो तर मला उठावं लागलं असतं," तो म्हणाला. "सात वर्षं तुझी पाठ बघितली होती मी. पुन्हा बघवली नसती."

मला वाटलं, आता हाणामारी होणार. म्हातारे हात, पण हातच ते. पण ओडेल बाहेर जाऊन आपला गळांचा डबा घेऊन आला. तळाशी हात घातला, चिंधीत गुंडाळलेला अर्धा तुकडा काढला, लॉरेटाच्या हातातला तुकडा घेतला आणि दोन्ही तारेने जोडून मागच्या दाराला लावले. विटेला लाथ मारली, दार उघडून सोडलं. दार धाडकन मिटलं.

"आईला हे ऐकायला मिळालं असतं तर," हॉलिस म्हणाला.

"आईने आधी तुला बदडलं असतं. मग मला," ओडेल म्हणाला. "उद्या पुढे मी बसणार. आणि खाडी."

"बस बाबा."

असे ते तिघे दुसऱ्या दिवशी गेले, नव्या काट्याला घेऊन. मी रिकाम्या पोटाने खिळ्याला. तळ्यावर काय झालं ते मी पाहिलं नाही. परतल्यावर लॉरेटा फोनवर कोणाला तरी सांगत होती ते ऐकलं. ओडेल पुढच्या खुर्चीत बसला. पहिला गळ त्याने टाकला. दुसरा टाकला. मग दर दोन मिनिटांनी मान वळवून मागे बघायला लागला. दहा वाजता त्याने गळ खाली ठेवला. "पुढून नुसतं पाणीच दिसतं रे," तो म्हणाला. "तू ये पुढे. शिव्या घालायला मला समोर पाठ लागते." हॉलिस हसत हसत पुढे सरकला, लॉरेटाचा हात धरून. मग दोघांनी मिळून चार पौंडांचा एकच मासा धरला आणि तो कोणाचा यावर घरी येईपर्यंत भांडले.

लॉरेटा मला टाकून देणार होती. हॉलिस म्हणाला, "घर विकेपर्यंत राहू दे. तुझं पहिलं वजन त्याने खरं सांगितलंय."

मित्रांनो, मला आता काही तोलता येत नाही. नव्या काट्याचा हेवा अजून वाटतो, आणि खरं सांगू, त्या दाराचाही वाटतो. पण एवढं ऐका. वस्तूला पेलेल तेवढंच तिच्यावर टांगा. मोडली तर त्याच दिवशी सांगून टाका, उशिरा सांगण्याचं ओझं तीस पौंडांत मावत नाही. आणि दुसऱ्याच्या वाट्याला किती आलं हे मोजायला निघालात, तर आधी आपल्या पोटात कोणाची स्प्रिंग आहे ते उघडून बघा.

हॉलिस अजून ओहायोला गेलेला नाही. परवा ओडेल केळी घेऊन आला. हॉलिसने आतून हाक मारली, "दार लावून घे." "लागतं आपोआप," ओडेल म्हणाला, आणि ते धाडकन मिटलं. भिंत हादरली. माझ्या पोटात काहीच नव्हतं, तरी सुई हलली.