संगणकाचा पूर्वजन्म

सकाळचे दहा वाजायच्या आत मराठी मंडळाच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. टेबलावर मंडळाचा संगणक, त्याला झेंडूचा हार, कॅबिनेटला हळदकुंकू. समोर खुर्चीतच मांडी घालून बसलेले यंत्रयोगी परीक्षितनाथ! एम. पी. नगरातलं दुरुस्तीचं दुकान बसल्यापासून हे गृहस्थ योगी झाले होते, आणि दुकानापेक्षा योग बरा चालत होता.

"स्क्रीनकडे कोणी बघायचं नाही!" नाथांनी स्क्रीनवर लाल कापड टाकलं. दुसरं कापड कीबोर्डवर, त्याखाली स्वतःचे हात. "ॐ बूट बूट स्वाहा! करा चालू!"

बटण दाबताच कापडाखालून टकटकटकटक आवाज आला.

"ऐका, देवता पावलं टाकतेय," नाथ म्हणाले. दोन मिनिटांनी त्यांनी कापड ओढलं, तर स्क्रीनवर मंडळाचं नेहमीचं गणपतीचं चित्र हजर.

"अगं बाई!" कुसुमकाकूंनी हात जोडले. कॉलेजात जाणारा वरुण मोबाइल काढून ओरडला, "क्या बात है! चमत्कारच झाला ना!"

हे सगळं मृणाल बोकारे दाराबाहेर उभी राहून बघत होती. मंडळाची वधू-वर सूची सांभाळणारी पगारी माणूस ती, रोज मिसरोदहून बसने येणारी, आणि तिलाच आत यायला बंदी!

झालं होतं असं. संगणक मंद चालतो म्हणून पंधरा दिवसांपूर्वी नाथांनी त्यात नवी हार्ड डिस्क बसवली. दुसऱ्या दिवसापासून मशीन रोज सकाळी हटून बसायचं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, तारीख मात्र १ जानेवारी २००९. नाथ आल्याशिवाय काही ते हलायचं नाही.

"मशीन रोज रात्री पूर्वजन्मात जातं," नाथांनी निदान केलं होतं. "मदरबोर्ड म्हणजे आई. आईने नव्या लेकराला, म्हणजे डिस्कला, स्वीकारलेलं नाही. इथे कोणाचा तरी पायगुण आड येतोय." म्हणून त्यांनी लाल दोऱ्यात गुंडाळलेला एक चपटा, गोल ताईत कॅबिनेटला बांधला आणि मृणालकडे पाहिलं. मृणालचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता.

"पांढऱ्या पायाची," कुसुमकाकू पुटपुटल्या. त्यांचं पुटपुटणं चार घरं ऐकायची. रविवारी बैठक होती. मृणालला रजा द्यायची आणि नाथांना कायमचं नेमायचं, हे जवळजवळ ठरलंच होतं. तिचं घर या पगारावर चालत होतं. बसमध्ये तिला रडू यायचं, आणि रडण्याहून जास्त संताप.

पण गुरुवारी संध्याकाळी हॉलमध्ये नाटकाची तालीम रंगली, आणि तिच्या नादात अध्यक्ष गजाननराव मेन स्विच बंद करायला विसरले. हे म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवला! सचिवालयात चौतीस वर्षं नोकरी करताना त्यांनी कधी पंखा चालू सोडला नव्हता, आणि मंडळाचा मेन स्विचही ते रोज स्वतःच्या हाताने खाली ओढत.

शुक्रवारी मृणाल नऊलाच आली, आपल्याकडच्या किल्लीने दार उघडलं आणि कोणी नाही बघून तिने बटण दाबलं. गणपती आला! तारीखही बरोबर. ना कापड, ना स्वाहा.

"अस्सं होय!" ती स्वतःशीच म्हणाली आणि मशीन गुपचूप बंद केलं. शनिवारीही ती लवकर आली. रात्री मेन स्विच बंद झाला होता, आणि मशीन पुन्हा अडलं. तिने मोबाइलवर सुरुवातीच्या क्षणांचं चित्रीकरण केलं आणि सावकाश पाहिलं. तळाशी क्षणभर एक ओळ चमकत होती: सेटिंगमध्ये जाण्यासाठी डिलीट दाबा. मग तिने कपाटातून मशीनची पुस्तिका काढली. ती आजवर कोणी उघडलीसुद्धा नव्हती.

रविवारी बैठकीला सगळं मंडळ लोटलं. नाथांनी कापड झटकायच्या आत मृणाल पुढे झाली.

"बाई, हात लावू नका! आई कोपेल!"

"आईच आहे ना? मग घाबरायचं कशाला?" मृणालने बटण दाबलं आणि सगळ्यांदेखत डिलीटची कळ टकटक दाबली. "ही तुमच्या देवतेची पावलं."

स्क्रीनवर निळं पान उघडलं.

"काका, हे बघा. जुनी डिस्क नाथांनी कोरी करून आतच ठेवलीय. मशीन सेटिंग विसरलं की आधी तिच्याकडे जातं, तिथे काही सापडत नाही, मग अडतं. इथे नव्या डिस्कला वर आणायचं, तारीख नीट करायची, जतन करायचं. संपला मंत्र."

गजाननरावांनी चष्मा सावरला. "पण रोज विसरतं कसं?"

"वीज गेली तरी सेटिंग लक्षात राहावं म्हणून आत एक छोटा सेल असतो. आता आहे तो मेलेला. आणि काका, रोज संध्याकाळी मेन स्विच कोण बंद करतं?"

गजाननराव गोरेमोरे झाले. "मीच की."

"सेल मी ऑक्टोबरमध्येच नवा घातला होता," मृणाल म्हणाली. तुपाच्या बरणीपासून गॅसच्या सिलिंडरपर्यंत, नव्या वस्तूवर तारीख घालायची तिला सवयच. "काल झाकण उघडून पाहिलं, आतल्या सेलवर तारीख नाही. माझा सेल गेला कुठे?" बोलता बोलता तिचा हात ताइताकडे गेला.

"अनर्थ हो जाएगा!" नाथ किंचाळले. वरुण दोन पावलं मागे सरला.

दोरा उलगडत गेला आणि तळहातावर चकचकीत सेल पडला. त्यावर मृणालचंच अक्षर: १४ ऑक्टोबर.

"अरे देवा!" कुसुमकाकू म्हणाल्या. "रोग आत, आणि औषध बाहेर बांधलंय!"

नाथांना एकदम आठवलं की करोंदच्या मंडीत एका ट्रॅक्टरची बाधा उतरवायचीय. ते गेले ते गेलेच.

मृणालने सेल बसवला, सेटिंग केलं. मेन स्विच गजाननरावांनीच खाली ओढला. सगळ्यांचा चहा झाला, मग स्विच वर गेला. बटण दाबताच गणपती आला, तारीख आजची. वरुणने टाळ्या वाजवल्या.

"तरी हार असू दे हो," कुसुमकाकू म्हणाल्या.

"हाराने हवेची जाळी बंद होते, काकू. मशीन तापतं." मृणालने हार काढून भिंतीवरच्या गणपतीच्या तसबिरीला घातला.

गजाननराव उठले. "मृणाल, चुकलो आम्ही. माफ कर पोरी."

तिचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. "माफी नको, काका. ठराव लिहा. यापुढे मंडळात काही बिघडलं तर आधी स्विच बघायचा, मग वायर, मग पुस्तिका वाचायची. तरी कळलं नाही तर जाणकाराला विचारायचं, आणि तो कापड टाकू लागला तर कापड ओढून बघायचं. बाईचे पाय बघायचे नाहीत."

गजाननरावांनी शब्दन् शब्द लिहून घेतला. "अनुमोदन?" त्यांनी विचारलं.

पहिला हात कुसुमकाकूंचा वर गेला.